गृहकर्ज काढायच्या आधी क्रेडिट कार्डाची बाकी कशी निस्तरायची

पगार नियमित आहे, खिशात एक-दोन क्रेडिट कार्डं आहेत, त्यांवर थोडीफार बाकी दर महिन्याला पुढे सरकते आहे आणि येत्या वर्षभरात घरासाठी कर्ज काढायचं मनात आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी आणि माझा नवरा दोघंही या रस्त्याने गेलो आहोत. त्या काळात जे तुकड्यातुकड्याने कळत गेलं ते इथे एकत्र मांडलं आहे.

बहुतेक जण आधी फ्लॅट बघतात, टोकन देतात, मग बँकेत जातात. सिबिलचा अहवाल, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि कार्डांच्या परतफेडीचा लेखाजोखा, बघायची वेळ सगळ्यात शेवटी येते, तीही बँकेतला माणूस स्क्रीन वळवून दाखवतो तेव्हा. कृपा करून हा क्रम उलटा करा. कर्जाचा अर्ज करायच्या किमान सहा महिने आधी खालच्या कामाला लागा. काही नोंदी दुरुस्त व्हायला वेळ लागतो आणि टोकन दिल्यावर तो वेळ हातात राहत नाही.

आधी एवढं समजून घ्या

कार्डाची बाकी कर्जाच्या आड दोन वाटांनी येते. पहिली वाट स्कोअरची, म्हणजे त्या अहवालात परतफेडीच्या सवयींना मिळणाऱ्या गुणांची. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या वर असेल तर बँका सहसा खूश असतात. दुसरी वाट पात्रतेची, म्हणजे तुमच्या पगारावर किती कर्ज बसतं याची. स्कोअरबद्दल सगळे बोलतात, पात्रतेबद्दल फार थोडे. स्कोअर ७८० असूनही मनासारखी रक्कम मंजूर होत नाही, असं घडतं ते या दुसऱ्या वाटेमुळे.

स्कोअरमध्ये कार्डाच्या दोन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व आहे: बिल वेळेवर भरलं का, आणि लिमिटचा किती भाग वापरात आहे. दोन लाखांची लिमिट आणि दीड लाख बाकी म्हणजे ७५ टक्के वापर. एकही बिल चुकलं नाही तरी एवढा वापर स्कोअर खाली ओढतो. ३० टक्क्यांच्या आत ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो योग्य आहे.

१. कागदपत्रं एका फाइलमध्ये जमवा

- पॅन आणि आधार. दोन्हीवरचं नाव आणि जन्मतारीख जुळते का ते बघा.
- प्रत्येक कार्डाची गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट्स, पीडीएफमध्ये.
- आधी बंद केलेल्या कार्डांची आणि फेडलेल्या कर्जांची नो ड्यूज सर्टिफिकेट्स, म्हणजे काही देणं उरलेलं नाही अशी बँकेची पत्रं.
- कार्डाचं बिल भरल्याच्या पावत्या किंवा बँक खात्याचा उतारा.
- तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल तर त्या कर्जाचा सध्याचा उतारा.
- कार्ड बंद करण्याबाबत बँकेशी झालेले ईमेल, तक्रार क्रमांक, एसएमएस.

जोडीदारासोबत कर्ज घेणार असाल तर त्यांचीही अशीच फाइल करा. सहअर्जदाराचा अहवालही बँक तितक्याच बारकाईने बघते.

२. चारही कंपन्यांचे अहवाल मागवा

आपल्याकडे सगळ्यालाच "सिबिल" म्हणायची सवय आहे, पण रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या, असे अहवाल तयार करणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने तुम्हाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. म्हणजे वर्षाला चार अहवाल हक्काचे. ते त्या कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. वाटेत पैसे भरून योजना घ्यायला सांगणारी पानं येतात. फुकट अहवालाचा दुवा बारीक अक्षरात असतो, तो शोधा.

स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती अजूनही खूप जणांच्या मनात आहे आणि तिच्यापायी लोक वर्षानुवर्षं अहवाल बघतच नाहीत.

चारही का? कारण चारही ठिकाणची माहिती सारखी असेलच असं नाही. एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे जुनीच राहिलेली असू शकते, आणि तुमची बँक चारपैकी कुणाचा अहवाल काढेल हे तुमच्या हातात नसतं.

३. अहवाल ओळीओळीने वाचा

स्कोअरचा आकडा बघून पीडीएफ बंद करू नका. खरी माहिती खाली, प्रत्येक खात्याच्या चौकटीत आहे. पेन घेऊन बसा आणि या गोष्टी तपासा.

*खातं तुमचंच आहे का.* नावसाधर्म्यामुळे किंवा पॅनच्या घोळामुळे दुसऱ्याचं खातं तुमच्या नावावर दिसू शकतं. तुम्ही न घेतलेलं छोटं ॲपवरचं कर्ज दिसलं तर त्याच दिवशी तक्रार करा.

*डीपीडीचे चौकोन.* डीपीडी म्हणजे ड्यू डेट उलटून किती दिवस झाले. गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन ओळीने असतात. ००० असेल तर पैसे वेळेवर गेले. ०३० असेल तर तीस दिवस उशीर. एक्सएक्सएक्स असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने कळवली नाही, त्यात तुमचा दोष नाही. मिनिमम ड्यूसुद्धा, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कमही, ९० दिवस भरला नाही तर खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं खातं, ठरतं, आणि तो डाग धुवायला वर्षं लागतात.

*खात्याची स्थिती.* "क्लोज्ड" हवं तिथे "सेटल्ड" (तडजोडीने कमी पैसे घेऊन मिटवलेलं) किंवा "रिटन ऑफ" (बँकेने बुडीत म्हणून सोडलेलं) दिसतंय का? या दोन शब्दांवर गृहकर्जाचे अर्ज अडतात. सेटलमेंटबद्दल पुढे सविस्तर सांगते.

*लिमिटचा आकडा.* बँकेने लिमिट वाढवली असेल आणि अहवालात जुनीच असेल तर तुमचा वापर आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

*जामीनकीची कर्जं.* आपल्याकडे सहकारी बँकेत नातेवाइकाला किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला जामीन राहणं अजूनही नेहमीचं आहे. ते कर्ज तुमच्या अहवालात जामीनदार म्हणून दिसतं, आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की त्याची झळ तुम्हालाही बसते. उलट, बऱ्याच पतसंस्थांची माहिती या कंपन्यांकडे जात नाही. त्यामुळे तिथलं कर्ज कितीही चोख फेडलं तरी त्याचा फायदा स्कोअरला मिळेलच असं नाही. भिशीचं तर नावच नको.

*एन्क्वायरी.* तुम्ही कर्जासाठी किंवा कार्डासाठी अर्ज केला की बँक अहवाल काढते आणि त्याची नोंद राहते. एका महिन्यात अशा पाच-सहा नोंदी दिसल्या की माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असं बँकेला वाटतं. मॉलमध्ये किंवा विमानतळावर "फक्त पात्रता बघून देतो" म्हणणाऱ्यांना पॅन देऊ नका.

एक प्रसंग सांगते. माझं एक जुनं कार्ड फोनवरून बंद करायला सांगितलं होतं, पलीकडून "झालं मॅडम" असं उत्तरही आलं होतं. अहवालात ते कार्ड चालूच होतं. त्यावर ४९९ रुपयांची वार्षिक फी आणि १८ टक्के जीएसटी मिळून ५८९ रुपये लागले होते, आणि ते न भरल्याबद्दल डीपीडीच्या चौकोनांत ०३०, ०६० असे आकडे पडले होते. बँकेने विनंती नोंदवलीच नव्हती. स्टेटमेंट जात होतं कधीच बंद पडलेल्या ईमेलवर. पाचशे रुपयांच्या फीमुळे चाळीस लाखांचं कर्ज लटकू शकतं, हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं. म्हणून सांगते, कपाटात पडलेली कार्डं आधी शोधा. नोकरी बदलल्यावर, शहर बदलल्यावर, परदेशी गेल्यावर अशी कार्डं हमखास मागे राहतात. दुबई किंवा अमेरिकेत गेलेल्यांनी भारतातला मोबाइल नंबर बंद करण्याआधी इथल्या सगळ्या कार्डांचा हिशेब मिटवावा. तिथे स्कोअर नव्याने बांधावा लागतो आणि इथली थकबाकी इथे वाट बघत बसते.

४. कार्डाचा खरा खर्च कागदावर मांडा

कार्डावरचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात असतं. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे दर कमी होतील या आशेवर बाकी ठेवण्यात अर्थ नाही.

आता मिनिमम ड्यू. समजा बाकी दीड लाख आहे, व्याज महिना साडेतीन टक्के आणि मिनिमम ड्यू बाकीच्या पाच टक्के.

महिन्याचं व्याज ५,२५० रुपये. त्यावर जीएसटी ९४५. एकूण ६,१९५. तुम्ही भरणार ७,५०० रुपये. म्हणजे मुद्दलातून कमी झाले फक्त १,३०५ रुपये. साडेसात हजार भरून तेराशे फिटले. त्या महिन्यात कार्डावर दीड हजाराचा किराणा घेतलात तर बाकी उलट वाढली.

मिनिमम भरत राहिलात तर डीपीडीमध्ये ००० च दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. स्कोअर कोसळत नाही, वसुलीचा फोन येत नाही, आणि बाकी मात्र हलत नाही. कार्डाच्या कर्जातली सगळ्यात फसवी अवस्था हीच, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा सापळा "थोडेच राहिले" हा. समजा १५ जूनला कार्डावर ४०,००० रुपयांची खरेदी केली. १० जुलैला बिल आलं, ड्यू डेट ३० जुलै. त्या दिवशी तुम्ही ३८,००० भरले, दोन हजार पुढच्या महिन्यावर टाकले. व्याज दोन हजारांवर लागेल असं वाटतं ना? पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत गेली. व्याज पूर्ण ४०,००० वर, १५ जूनपासून ३० जुलैपर्यंत, ४५ दिवसांचं धरलं जातं. वार्षिक ४२ टक्क्यांनी ते होतात सुमारे २,०७० रुपये. उरलेल्या दोन हजारांचं पुढच्या बिलापर्यंतचं व्याज पंचवीसेक रुपये. जीएसटी धरून जवळजवळ २,४७५. दोन हजार मागे ठेवायची किंमत दोन हजारांहून जास्त. आणि पूर्ण बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

कार्डाने एटीएममधून रोख काढली तर बिनव्याजी मुदत मुळातच नसते, वर रोख काढायची फी वेगळी. ते करूच नका.

५. तुमच्या पगारावर किती कर्ज बसतं ते स्वतः काढा

बँक बघते की हातात येणाऱ्या पगारातला किती भाग हप्त्यांत जातो. ही मर्यादा बँकेनुसार आणि पगारानुसार बदलते. हिशेबासाठी निम्मा पगार धरू. कार्डाच्या बाकीला ठरावीक हप्ता नसतो, म्हणून अनेक बँका बाकीच्या पाच टक्के हा महिन्याचा हप्ता धरतात.

हातात येणारा पगार ७०,०००. निम्मे म्हणजे ३५,०००. स्कूटरचा हप्ता ४,०००. उरले ३१,०००. वीस वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे कर्ज बसतं सुमारे ३५ लाख ७० हजारांचं.

आता यात कार्डावरची दीड लाखाची बाकी घाला. तिचे पाच टक्के म्हणजे ७,५००. उरले २३,५००. कर्ज बसतं २७ लाखांचं.

दीड लाखाच्या बाकीने साडेआठ लाखांहून जास्त कर्ज कापलं. पुण्यात किंवा ठाण्यात एवढ्या फरकात एक खोली जाते. हे गणित माझ्या मावसभावाला करून दाखवलं तेव्हा त्याने कार भाड्याने वापरायचं ठरवलं, नवी घेतली नाही आणि आधी कार्ड रिकामं केलं.

व्याजदराचाही परिणाम आहे. अनेक बँका स्कोअरनुसार दर ठरवतात. चाळीस लाखांवर, वीस वर्षांसाठी, साडेआठऐवजी पावणेनऊ टक्के लागले तर हप्त्यात ६३५ रुपयांचा फरक पडतो आणि दर असाच राहिला तर पूर्ण मुदतीत दीड लाखाच्या वर जातात.

६. बाकी फेडायचा क्रम ठरवा

आधी कार्डावर नवी खरेदी थांबवा. यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडलं असेल तर ते तात्पुरतं काढून टाका. चहा, भाजी, रिक्षा असे खर्च त्यातून नकळत होतात आणि बाकी असताना त्या प्रत्येकावर व्याज चढतं.

मग पैसे कुठून आणायचे ते बघा. मी हा क्रम सुचवेन:

- बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत पैसे असतील तर ते वापरा. सात टक्के देणारी ठेव जपून ४० टक्क्यांचं व्याज भरण्यात काहीच हशील नाही. ठेव मोडायची नसेल तर तिच्या तारणावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे लागेल तेवढी उचल, मिळतो, त्याचा दर ठेवीच्या व्याजापेक्षा थोडाच जास्त असतो.
- पीपीएफ खातं तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर त्यावर स्वस्त कर्ज मिळतं.
- घरातलं सोनं बँकेत ठेवून काढलेलं कर्जही कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. पण ते वेळेत सोडवण्याची खात्री हवी.
- यातलं काहीच नसेल तर कार्डाची बाकी बँकेकडून हप्त्यांत बदलून घ्या किंवा वैयक्तिक कर्ज काढून कार्ड एकदम फेडा. दर बराच खाली येतो. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड आधी विचारा. हा हप्ता गृहकर्जाच्या पात्रतेत मोजला जातो, म्हणून मुदत अशी घ्या की अर्जाच्या वेळी तो संपत आलेला असेल.

दोन-तीन कार्डं असतील तर सगळ्यांचे मिनिमम ड्यू भरून उरलेले सगळे पैसे एकाच कार्डावर टाका. पैशाच्या हिशेबाने सगळ्यात महाग व्याजाचं कार्ड आधी. पण गृहकर्ज जवळ आलं असेल तर ज्या कार्डाची लिमिट जवळजवळ भरली आहे ते आधी खाली आणणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. व्याजदरांत फरक सहसा थोडाच असतो, आणि काठोकाठ भरलेलं कार्ड अहवालात ठळक दिसतं.

नातेवाइकांकडून घेतलेले पैसेही लिहून ठेवा. खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर गृहकर्जाच्या वेळी बँक तिचा खुलासा मागते.

७. बिलाची तारीख तुमच्या बाजूने वापरा

वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्यांनाही हे उपयोगी आहे. ड्यू डेटला तुम्ही सगळं भरता, पण बिल तयार होतं त्या दिवशीची बाकी मोठी असेल तर अहवालात तोच मोठा आकडा जाऊ शकतो. म्हणून गृहकर्जाच्या आधीचे काही महिने बिल तयार व्हायच्या दोन-तीन दिवस आधीच बरीचशी रक्कम भरून टाका. बिलच लहान येतं, वापर कमी दिसतो.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून किमान दोनदा कळवावी लागते. पूर्वी महिन्याने एकदा जायची. त्यामुळे बाकी फेडल्याचा परिणाम आता लवकर दिसतो.

एखादा दिवस चुकला तर घाबरून जाऊ नका. ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त काळ पैसे न भरल्यासच कार्ड कंपनीला खातं थकीत म्हणून कळवता येतं आणि लेट फी लावता येते. तीन दिवस उलटले की मात्र उशीर मूळ ड्यू डेटपासूनच मोजतात. शनिवार-रविवार धरून ही सवलत वापरायचा बेत करू नका, ती अडचणीच्या वेळेसाठी ठेवा.

८. "सेटलमेंट" शब्द ऐकला की थांबा

बाकी बरेच महिने थकली की फोन येतो: "दीड लाखाचे साठ हजार भरा, फाइल बंद करून टाकू." ऐकायला गोड लागतं. पण तसं केलं की खात्यावर "सेटल्ड" असा शिक्का बसतो, म्हणजे या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी लागते. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार, तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच बँकेने पुन्हा कर्ज द्यायच्या आधी किमान बारा महिन्यांचा काळ जाऊ द्यायचा असतो, शेतीकर्ज सोडून. इतर बँकाही असा शिक्का बघून मागे सरतात.

नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं आणि खरोखर दुसरा मार्गच उरला नाही, तर सेटलमेंट करण्यात लाज नाही. तेव्हाही रक्कम, तारीख आणि "यानंतर बाकी शून्य" हे बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. वसुली एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर तर अजिबात नाही. एजंटने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा नियम आहे. धमकावलं, घरच्यांना किंवा ऑफिसात फोन केले, तर त्याचं रेकॉर्ड ठेवून बँकेकडे लेखी तक्रार करा.

पूर्वी सेटलमेंट झालेली असेल तर त्या बँकेला लिहून विचारा, की उरलेली रक्कम भरली तर स्थिती "क्लोज्ड" करून द्याल का. बऱ्याच बँका तयार होतात. इथेही लेखी उत्तर आधी, पैसे नंतर.

आणि "सिबिल दुरुस्त करून देतो, दहा हजार घेतो" अशा जाहिराती करणाऱ्यांपासून लांब राहा. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. चुकीची नोंद तुम्हाला स्वतःला, फुकटात दुरुस्त करून घेता येते.

९. चुकीची नोंद दुरुस्त करून घ्या

तक्रार दोन्हीकडे एकदमच टाका: बँकेकडे ईमेलने आणि अहवाल देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तक्रार अर्जातून. कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही, ती बँकेला विचारते. म्हणून बँकेला पुरावा मिळालेला असणं महत्त्वाचं.

तक्रारीत खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, चुकीचा महिना, तिथे काय दिसतंय, काय दिसायला हवं आणि पुराव्याची पीडीएफ एवढंच लिहा. लांबलचक गाऱ्हाणं नको.

बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला २१ दिवस आणि सगळं मिळून ३० दिवस मिळतात. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायचा तुमचा हक्क आहे. ही तरतूद २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. दुसऱ्या ईमेलमध्ये तिचा उल्लेख केला की उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव आहे.

तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत. बँकांप्रमाणे या चार कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक जोडावा लागतो, म्हणून तो जपून ठेवा.

१०. कार्ड बंद करायचं की ठेवायचं?

बाकी फिटली की रागाने सगळी कार्डं कापून टाकावीशी वाटतात. थोडं थांबा. समजा दोन कार्डं आहेत, एकाची लिमिट दोन लाख, दुसऱ्याची एक लाख, आणि दोन्ही मिळून वापर ६०,०००. हा २० टक्के झाला. दोन लाखांचं कार्ड बंद केलं आणि खर्च तेवढाच राहिला, तर तोच वापर ६० टक्के होतो. गृहकर्ज मंजूर होईपर्यंत जुनं, फी नसलेलं कार्ड चालू ठेवा.

फी घेणारं आणि न लागणारं कार्ड मात्र बंद करा, तेही लेखी. बाकी शून्य असेल तर विनंती मिळाल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो. नो ड्यूज सर्टिफिकेट मागून घ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी अहवालात "क्लोज्ड" दिसतंय का ते तपासा. घरच्या कुणाला तुमच्याच खात्यावरचं जास्तीचं (ॲड-ऑन) कार्ड दिलं असेल तर त्याचा सगळा खर्च मूळ कार्डधारकाच्याच नावावर दिसतो, हेही लक्षात ठेवा.

११. आता अर्ज करा, आणि पैसे वितरित होईपर्यंत जपा

एकाच वेळी सात बँकांत अर्ज करू नका. आधी चौकशी करून दोन बँका निवडा आणि तिथेच पॅन द्या. अहवालात जुना डाग असेल तर तो लपवू नका. काय झालं होतं आणि कधी मिटलं हे एका पानावर लिहून पुराव्यासह अर्जाला जोडा. अधिकाऱ्याला फाइलवर शेरा मारायला काहीतरी आधार लागतो.

मंजुरीपत्र हातात आलं तरी काम संपलेलं नसतं. पैसे वितरित करण्याआधी बँक पुन्हा अहवाल काढू शकते. मंजुरीच्या आनंदात फ्रिज, सोफा, मॉड्युलर किचन नो-कॉस्ट हप्त्यांवर घेतलं तर तेवढी लिमिट अडकते आणि नवा हप्ता दिसू लागतो. ही खरेदी ताबा मिळाल्यावर करा. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत पैसे टप्प्याटप्प्याने जातात, त्यामुळे ही काळजी तिथे जास्त काळ घ्यावी लागते.

गृहकर्जाचा हप्ता आणि कार्डाचं ऑटो-डेबिट एकाच खात्यातून, एकाच दिवशी ठेवू नका. खात्यात पैसे कमी पडले तर दोन्ही परत जातात. कार्डाची बिल-तारीख किमान एकदा बदलून घ्यायची सोय बँकेला द्यावीच लागते. ती मागा, आणि पगार, हप्ता, कार्डाचं बिल यांच्यात चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा.